पर्याय असते तर आलं असतं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका अभ्यासिकेच्या जिन्यात मी आणि एक मुलगी बसलो होतो. बाहेर दोन दिवस उघडीप न दिलेला पाऊस, कठड्याला टांगलेल्या ओल्या छत्र्या, खाली चपलांचा ढीग आणि वरच्या हॉलमधून येणारी पंख्यांची घरघर. मुलगी जतकडची. स्पर्धा परीक्षेसाठी इथं खोली करून राहिलेली, सकाळी सातला जागा धरून रात्री दहाला उठणारी. आम्ही तयार करत असलेलं वाचनाचं आणि अभ्यासाचं ॲप तिनं आठवडाभर वापरून बघितलं होतं. तीन दिवसांपूर्वी राधानगरी धरणावरचा धडा वाचून तिनं त्याखालची प्रश्नमंजूषा सोडवली आणि दहापैकी दहा गुण मिळवले. दहा मिळाले की पडद्यावर रंगीत कागदाच्या तुकड्यांचा पाऊस पडायचा, तो आमच्या एका सहकाऱ्यानं दोन दिवस खपून केला होता. मी खुशीत होते. सहज म्हटलं, “मोबाइल ठेव बाजूला. त्या धड्यात काय होतं, सांग बघू मला.”

ती हसली. “सात स्वयंचलित दरवाजे आहेत,” म्हणाली आणि थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “शाहू महाराजांनी बांधायला घेतलं.” पुन्हा थांबली. वर कुणीतरी खुर्ची सरकवली, तो आवाज जिनाभर घुमला. मी वाट बघत होते, ती छताकडे बघत होती. मग ती अगदी सरळपणे म्हणाली, “पर्याय असते तर आलं असतं की, मॅडम.”

तिच्या बोलण्यात लाज नव्हती, तक्रारही नव्हती. तिच्या लेखी तिला धडा येत होता, मी प्रश्न नीट विचारला नव्हता एवढंच. त्या संध्याकाळी दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीतून गाडी काढताना मला तिचं म्हणणं पटत गेलं. आम्ही प्रश्न नीट विचारलेच नव्हते.

दहापैकी दहा.

आमचं ऑफिस राजारामपुरीत. दोन खोल्या, चार माणसं, खाली झेरॉक्सचं दुकान. मराठीतून वाचणाऱ्या आणि मराठीतूनच अभ्यास करणाऱ्या पोरांसाठी काहीतरी धड, देखणं, कामाला येणारं करायचं या हट्टानं आम्ही एकत्र आलो. अक्षरं डोळ्यांना सुखावतील अशी हवीत, ओळीवर खूण करता यावी, समासात टिपण लिहिता यावं, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की अर्थ दिसावा, यासाठी आम्ही वर्षभर जीव ओतला. प्रश्नमंजूषा मात्र शेवटच्या पंधरा दिवसांत जोडली. धड्याखाली दहा प्रश्न, चार पर्याय, बरोबरला हिरवं, चुकीला लाल, शेवटी गुण. प्रश्नही बरेचसे यंत्राकडूनच काढून घेतले. यंत्राला धड्यातलं साल, आकडा, नाव चटकन सापडतं आणि तपासायलाही ते सोपं असतं. त्यामुळं दहातले आठ प्रश्न ‘किती’, ‘कोणत्या साली’ आणि ‘कोणी’ असे निघाले. मी ते वाचले होते, ठीक वाटले होते, पुढं पाठवले होते. ती जबाबदारी माझी होती आणि ते आठवलं की अजून टोचतं.

कारण राधानगरीच्या दरवाज्यांची संख्या पाठ असणं म्हणजे राधानगरी कळणं, असं कोल्हापुरात राहणारं कुणीही म्हणणार नाही. जुलै उजाडला की इथल्या प्रत्येक घरात दोनच प्रश्न असतात. राधानगरीचे किती उघडले? आणि बंधाऱ्याला किती फूट? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथं शाळेतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टनंतर तर त्या आकड्यांचा उच्चार करताना लोकांचा आवाज बदलतो. नदीकाठच्या वस्तीतली माणसं पातळी ऐकून गाद्या माळ्यावर टाकायच्या की नाही ते ठरवतात. या सगळ्यामागं एक समज आहे. धरणातलं पाणी ठराविक पातळीला पोचलं की दरवाजे आपोआप उघडतात, ते पाणी भोगावतीतून खाली येतं, पंचगंगेला मिळतं, आणि वाटेत वेळ जातो. म्हणून शहरात पाऊस थांबून ऊन पडलं तरी बंधाऱ्यावर पाणी चढतच राहू शकतं. ‘पाऊस थांबला तरी पातळी का वाढते?’ एवढा एक प्रश्न धड्याखाली असता तर जतच्या, पाण्याची वाट बघत मोठ्या झालेल्या मुलीलाही त्या धरणाशी काहीतरी नातं जोडता आलं असतं. आम्ही तिला विचारलं, दरवाजे किती? पाच, सहा, सात, की आठ?

लहानपणी सुट्टीत आम्ही मामाकडे जायचो, पन्हाळा तालुक्यात. त्यांचं गुऱ्हाळ होतं. दिवाळी झाली की रात्ररात्र चालायचं. चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या, काहिलीत उकळणारा रस, भेंडीचं पाणी टाकलं की वर येणारी मळी, ती झाऱ्यानं काढून टाकणं, आणि अंगाला, केसांना, पांघरुणाला लागून राहणारा तो गोड, धुरकट वास. गुळव्या काहिलीपाशी उभा असायचा. घड्याळ नाही, मोजमाप नाही. रस आटत आला की तो काहिलीतला चिमूटभर पाक काढून थंड पाण्याच्या भांड्यात टाकायचा आणि अंगठा आणि दोन बोटांत वळून बघायचा. “अजून गोळी धरंना,” म्हणायचा, आणि जळव्याला हाक, “लाव अजून जरा.” थोड्या वेळानं पुन्हा चिमूट, पुन्हा पाण्यात. “आता वढ जाळ.” चार-पाच वेळा असं झालं की एकदम सगळे हलायचे, काहील उतरायची, पाक वाफ्यात ओतला जायचा. पाण्यात वळलेल्या त्या गोळ्या आम्हा पोरांच्या तळहातावर यायच्या. कोमट, चिवट, दाताला चिकटणाऱ्या. पुढं झालेल्या गुळापेक्षा मला त्या गोळ्याच जास्त आठवतात.

तो पाक बघून गुळव्यानं कधी त्याला दहापैकी गुण दिले नाहीत. त्याला जाळ किती ठेवायचा ते कळायला हवं होतं आणि म्हणूनच तो बघत होता. सगळा रस आटून गेल्यावर बघितलं असतं तर त्या बघण्याला काही अर्थ उरला नसता. अभ्यासिकेतून आल्यावर मी आमच्या प्रश्नमंजूषेकडे या नजरेनं बघायला लागले आणि तिच्यात काहीच सापडेना. तिच्यातून वाचणाऱ्याला कळत काय होतं? आठ आले. बरं, मग आता काय करू? कुठला परिच्छेद पुन्हा वाचू? कुठं जाळ वाढवू? आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढचा धडा उघडायचं बटण तेवढं होतं.

त्याच सुमारास मी एका जुन्या प्रयोगाकडे पुन्हा वळले. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्याबद्दलचा, एक समुद्री पाणमांजरांबद्दलचा. काहींनी उतारा पुन्हा एकदा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहून काढलं. पर्याय नाहीत, आणि लिहिलेलं बरोबर की चूक हेही त्यांना कुणी सांगितलं नाही. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानं घेतली तेव्हा पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. हे आकडे मला पूर्वीपासून माहीत होते, पण त्यातल्या ‘पाच मिनिटं’ या शब्दांचा अर्थ मला जिन्यातल्या त्या मुलीनं शिकवला. आमची प्रश्नमंजूषा धडा संपल्यावर पाच मिनिटांच्या आतच यायची. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत ओळी अजून ताज्या असताना आम्ही त्याला शाबासकी देत होतो आणि तो खूश होऊन पुस्तक मिटत होता. आम्हीसुद्धा तेच गुण बघून, पोरांना धडे येतायत, असं एकमेकांना सांगत होतो.

मग ऑफिसात वाद सुरू झाले. चांगले, घसा बसेपर्यंतचे वाद. पहिला जागेचा. मी म्हटलं, धड्याखालची दहाची रांग काढूया. धड्याच्या मध्ये एखाद्या ठिकाणी थांबवून एकच प्रश्न विचारू, आणि दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं की नवीन काही दिसायच्या आधी कालच्यातले दोन. आमच्या चौथीच्या बाई हेच करायच्या. फळा पुसता पुसता, आमच्याकडे पाठ करूनच विचारायच्या, “काल कुठं होतो आपण?” पुस्तक दप्तरातून काढायची परवानगी त्यानंतर. तेव्हा त्या पाच मिनिटांची धास्ती वाटायची. पण आज त्या वर्षातलं जेवढं आठवतं तेवढं दुसऱ्या कुठल्याच वर्षातलं आठवत नाही. चुकलेला प्रश्न लवकर परत यावा आणि आलेला उशिरा, हेही त्यातच आलं. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली पुठ्ठ्याच्या खोक्यात कप्पे करून हेच मांडलं होतं. उत्तर आलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं तर पुन्हा पहिल्या. आमच्या सहकाऱ्यानं ते दोन दिवसांत बसवून दिलं.

दुसरा वाद पर्याय झाकण्याचा, आणि तो मिटायला महिना लागला. आधी नुसता प्रश्न दिसेल. मनात म्हणा, तोंडानं म्हणा, लिहा. मग ‘पर्याय दाखवा’ दाबा. आमच्यातला एक जण म्हणाला, एक टॅप वाढला की निम्मी पोरं उठून जातील. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. थकलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता आठवायला लावणं ही गोष्ट सोपी नाही, आणि जे जड जातं ते निरुपयोगी आहे असंच वाटतं. आम्ही एक ‘आठवत नाही’ असं साधं बटणही ठेवलं. ते दाबलं तर गुण जात नाहीत, लाल रंग येत नाही, धड्यातला तो परिच्छेद समोर येतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त दाबलं गेलं ते हेच बटण. माझा सहकारी त्यावर नाराज होता, मला मात्र त्याचा आनंद झाला. इतके दिवस हीच मुलं अंदाजानं पर्याय दाबत होती आणि चारात एक लागतोच, त्यावर निभावत होती.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो चुकीच्या पर्यायांवर. राधानगरी धरण कोणत्या नदीवर आहे? यंत्रानं दिलेले पर्याय होते भोगावती, गोदावरी, तापी, नर्मदा. असा प्रश्न विचारून काय मिळणार? कोल्हापूरचं लांबून नाव ऐकलेल्यालाही उत्तर येईल. आम्ही बसून बदलले. भोगावती, पंचगंगा, दूधगंगा, तुळशी. आता चुकणाऱ्याची चूक काहीतरी सांगते. पंचगंगा म्हणणाऱ्याला पाणी शेवटी कुठं येतं ते ठाऊक आहे, वरच्या बाजूला नदीचं नाव वेगळं आहे एवढंच निसटलंय. दूधगंगा म्हणणाऱ्याच्या डोक्यात त्याच तालुक्यातलं काळम्मावाडी धरण आहे. प्रत्येकाला वेगळं सांगायला हवं. मग आम्ही एकेका चुकीच्या पर्यायाखाली दोन-दोन ओळी हातानं लिहायला घेतल्या. ‘पाणी पंचगंगेलाच येतं, हे तुमचं बरोबर आहे’ अशी सुरुवात करून. एका धड्याला दोन-दोन दिवस लागायचे. शिवाय चुकीचा पर्याय निवडून पुढं गेलेल्या माणसाच्या डोक्यात तोच पर्याय खरा म्हणून बसू शकतो, त्यामुळं चूक तिथल्या तिथं न सुधारता शेवटी नुसते गुण दाखवणं हे तर शिकवून बिघडवणं झालं. ‘खालीलपैकी कोणते विधान चूक नाही’ असले प्रश्न मी स्वतः शोधून काढून टाकले. त्यात ज्ञानाची परीक्षा होत नाही, दमलेल्या डोळ्यांची होते.

आणि मग लिहून उत्तर द्यायची सोय केली तेव्हाचा तो प्रसंग. पर्यावरणाच्या धड्यात गाळलेली जागा होती, ‘जंगलांचा ___’. एका मुलानं लिहिलं, ऱ्हास. ॲपनं सांगितलं, चूक. खाली ओळ आली, तुमचं उत्तर ऱ्हास, बरोबर उत्तर ऱ्हास. त्यानं तो पडदा मला पाठवला आणि विचारलं, माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय का? मी चष्मा लावून, अक्षर मोठं करून बघितलं. टिंबाचाही फरक नव्हता. फरक आत होता. मराठीतला हा अर्धा र, ज्यानं ऱ्हास होतो, दऱ्या होतात, सुऱ्या होतात, तो संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका कळफलकावर र, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि त्याला जोडून ठेवणारी एक अदृश्य खूण अशी साखळी होते, दुसऱ्यावर खाली टिंब असलेला वेगळा ऱ आणि हलन्त. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे शब्द. ‘ॲप’मधल्या ॲचंही तेच. तो मुलगा सुतारकाम करणाऱ्या बापाचा, बारावीनंतर एकटा अभ्यास करणारा. बरोबर उत्तर लिहून त्यानं पहिली शंका स्वतःवर घेतली, हे मला फार लागलं. आपल्या भाषेत आपण बरोबर असतानाही चुकलो असू, असं वाटायची सवय या पोरांना आधीच खूप ठिकाणी लागलेली असते. आमच्या पडद्यानं त्यात भर घालायला नको होती. त्यानंतर तपासण्याआधी दोन्ही रूपं एक करून घ्यायची, १९१७ लिहा नाहीतर इंग्रजी अंकांत लिहा, चालेल, आणि ‘सुर्य’ लिहिलं तर उत्तर बरोबर धरून ‘सूर्य असं लिहितात’ एवढं खाली हळूच सांगायचं, असं ठरलं.

तरी एक शंका मला अजून सोडत नाही. या मुलांची पूर्वपरीक्षा पर्यायांचीच आहे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव हिस्सा गुण कापले जातात, घड्याळ धावत असतं. तिथं पर्यायातून अचूक एक उचलणं हेच कसब लागतं. मग मी त्यांना आठवायला लावून त्यांचा वेळ घेतेय का? राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक करायचं आयोगानं ठरवलं तेव्हा अभ्यासिकेतली कितीतरी मुलं हवालदिल झाली होती, कारण वर्षानुवर्षं त्यांनी ओळखायचा सराव केला होता, सांगायचा नाही. त्या बदलानं माझी बाजू बळकट झाली असं म्हणता येईल, पण त्यांचे चेहरे बघितल्यावर मला तसं म्हणावंसं वाटलं नाही. कुणाची वयोमर्यादा संपत आलेली असते, कुणाच्या घरी बहिणीच्या लग्नाचं कर्ज असतं. सगळ्यांची क्रमवारी दाखवा, अशी मागणीही मुलांकडूनच येते. त्यांना आपण कुठं उभे आहोत ते बघायचं असतं, आणि ते चूक आहे असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? आम्ही क्रमवारी ठेवली नाही. घड्याळ ठेवलं, पण बंद करता येईल असं. हे दोन्ही निर्णय योग्य झाले का, याचा कौल माझ्यापाशी अजून नाही.

परवा पुन्हा त्याच अभ्यासिकेत गेले. मृगाचा पाऊस, तोच जिना, कठड्याला छत्र्या. ती मुलगी अजून तिथंच आहे, केस आखूड केलेत, हातात आमच्या नव्या आवृत्तीचा धडा. मी शेजारी बसले. पडद्यावर एकच ओळ होती. पंचगंगा कोणकोणत्या नद्यांची मिळून होते? खाली पर्याय नव्हते.

“सरस्वती गुप्त, ती जाऊ दे,” ती स्वतःशीच म्हणाली आणि बोटं मोजायला लागली. “कुंभी. कासारी. तुळशी.” तीन बोटं मिटली. चौथं तसंच उभं. वरून पंख्यांचा आवाज येत होता. खाली कुणीतरी छत्री झटकली, पाण्याचे शिंतोडे पायरीवर आले. बराच वेळ गेला. मला राहवेना, मी ‘पर्याय दाखवा’कडे बोट नेलं, तर तिनं पडद्यावर तळहात ठेवला.

“थांबा मॅडम. सांगू नका.” डोळे मिटलेले. “राधानगरीचं पाणी घिऊन येत्या, ती…”

मी मोबाइल तिच्या हातातून घेतला आणि पायरीवर पालथा ठेवला.